धायरीत तातडीच्या मदतीचं स्वयंसेवी पथक उभं करायचं आहे. सुरुवात ॲम्ब्युलन्सपासून करावी का?

औषधी_धायरी

नमस्कार. मी पुण्यात धायरी फाट्याजवळ मेडिकल चालवते. संध्याकाळी सहानंतर आमच्या बाजूचा रस्ता किती कोंडलेला असतो हे सिंहगड रोडवाल्यांना वेगळं सांगायला नको. दवाखाने सगळे मुख्य रस्त्यावर, त्यामुळे आतल्या गल्ल्यांतून कोणाला काही झालं की माणसं पहिल्यांदा माझ्या दुकानात धावत येतात. "बाबांना चक्कर आलीये, काहीतरी द्या ना."

गेल्या पावसाळ्यात मागच्या सोसायटीत एक गृहस्थ पार्किंगमध्ये कोसळले. मी दुकान बंद करून पोचले तेव्हा त्यांना गाडीत घालत होते. नंतर कळलं ते असं: कोणी तोंडावर पाणी मारलं, कोणी तळपाय चोळले, आणि तिघांनी १०८ ला तीन फोन करून तीन वेगवेगळ्या खुणा सांगितल्या. गाडी मागच्या फाटकाशी आली आणि त्याची किल्ली रखवालदाराकडे नव्हती. ते वाचले नाहीत. तेव्हापासून ठरवलंय की आपल्या भागात शिकलेली माणसं हवीत, जी दोन-चार मिनिटांत पोचतील.

माणसं जमलीत. हॉस्पिटलात काम करणाऱ्या दोन सिस्टर, एक निवृत्त सुभेदार, जिमचा ट्रेनर, एनएसएस केलेली कॉलेजची मुलं आणि आमच्या मंडळाचे कार्यकर्ते. इस्राएलमधल्या युनायटेड हत्झालाबद्दल वाचलं. २००६ पासून तिथे दुकानदार, शिक्षक, ड्रायव्हर असे साधे लोक फोन आला की हातातलं काम टाकून दुचाकीवरून पोचतात. तसंच काहीसं डोक्यात आहे.

मंडळाचं म्हणणं, वर्गणी काढून ॲम्ब्युलन्स घेऊ. एक बिल्डर तर नवी गाडी द्यायला तयार आहेत. हायवेवरचा नवले पूल आम्हाला जवळ, म्हणून मुलांना तिथल्या अपघातांवर काम करायचंय. शिवाय नोंदणी कशी करायची, आणि आपल्या हातून मदत करताना काही बरंवाईट झालं तर कायदा काय म्हणतो, हेही हवंय. ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी कृपया लिहा. पाया चुकायला नको.

गाडीवरचा_डॉक्टर

ताई, ॲम्ब्युलन्स घेऊ नका. पहिली दोन-तीन वर्षं तरी नकोच.

मी बीएएमएस. पुण्यात १०८ च्या गाडीवर डॉक्टर होतो, आता एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत आहे. महाराष्ट्रात १०८ सुरू झाली जानेवारी २०१४ मध्ये, राज्यभरासाठी ९३७ गाड्यांची योजना, त्यांतल्या २३३ ॲडव्हान्स लाइफ सपोर्टच्या, म्हणजे गंभीर पेशंटसाठी जास्त सज्ज. प्रत्येक गाडीवर डॉक्टर आणि पेशंटला एक पैसा खर्च नाही. म्हणजे पेशंटला उपचार करत घेऊन जाणारी व्यवस्था आपल्याकडे आहे. ती अपुरी पडते, उशीर होतो, सगळं मान्य. पण ती कितीही सुधारली तरी फोन लागल्यापासून आम्ही जिना चढून दारात येईपर्यंतचा वेळ उरतोच. तो वेळ शेजाऱ्यांच्या हातात असतो, आणि आज तो वाया जातो.

हृदय बंद पडल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. छाती दाबली नाही आणि हृदयाला विजेचा शॉक मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी कमी होते. धायरी फाट्यावर संध्याकाळी सात वाजता कुठली गाडी चार मिनिटांत येणार? तुम्ही घेतलेली गाडीही त्याच कोंडीत उभी राहणार. पोचू शकतो तो वरच्या मजल्यावरचा माणूस.

गाडीचं पुढे काय होतं तेही पाहिलंय. देणगीदार गाडी देतात, ड्रायव्हरचा पगार कोणी देत नाही. तीन पाळ्यांना तीन ड्रायव्हर, एक बदलीचा, विमा, फिटनेस, ऑक्सिजन, टायर. दुसऱ्या वर्षी पैसे आटतात. मग ती गाडी डिस्चार्ज झालेले पेशंट सोडायला भाड्याने लागते किंवा मांडवाशेजारी धूळ खात उभी राहते. तुमची सगळी ताकद त्या एका गाडीला पोसण्यात जाईल आणि शिकवण्याचं काम मागे पडेल.

आम्ही दार उघडून आत जायचो तेव्हा काय दिसायचं ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्या पथकाचं काम त्यातूनच ठरतं.

पेशंट बहुतेक वेळा पलंगावर, डोक्याखाली दोन उश्या. घरातलं कोणी चमच्याने पाणी पाजतंय, ते गालावरून ओघळतंय. आणि हमखास ऐकू येणारं वाक्य: "डॉक्टर, श्वास चालू आहे, आत्ताच घेतला." तो श्वास नसतो. हृदय बंद पडल्यावर काही मिनिटं माणूस मधूनच तोंड उघडून घरघरतो, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा. त्या घरघरीने घरचे निर्धास्त होतात आणि सगळी मौल्यवान मिनिटं तिथे जातात. तुमच्या मुलांना आणखी काही शिकवलं नाही तरी चालेल, पण एवढं शिकवा: हाक मारून, खांदे हलवून माणूस जागा होत नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, तर नाडी शोधत बसायचं नाही. पलंगावरून खाली फरशीवर घ्यायचं, कारण गादीवर दाबलं तर गादीच दबते, छाती नाही. छातीच्या मधोमध तळव्याची टाच, कोपर ताठ, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, आपण दमलो नाही असं वाटत असलं तरी. दमलेला माणूस वरवर दाबतो आणि त्याला ते कळत नाही.

म्हणून कॉलवर एकट्याला कधीच पाठवू नका. दोघं आलटून पालटून दाबतील. तिसऱ्याने १०८ ला एकच फोन लावून तो स्पीकरवर ठेवायचा, पत्ता तोच सांगेल, दुसऱ्या कोणी फोन करायचा नाही. चौथ्याने खाली पळायचं: फाटक उघडायचं, लिफ्ट तळमजल्यावर अडवून ठेवायची, कोपऱ्यावर बॅटरी दाखवत उभं राहायचं. हा चौथा सगळ्यात दुर्लक्षित, पण त्याच्यामुळे आमची दोन-तीन मिनिटं सहज वाचायची. आणि जुन्या फायली, चालू गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत भरून दारात ठेवायच्या. मनगटावर चिकटपट्टी लावून तिच्यावर पेनाने लिहायचं: कोसळले कधी, दाबायला सुरुवात कधी. आमच्या हाती सोपवताना घरच्यांची गोष्ट सांगत बसू नका, पट्टी वाचून दाखवा.

सोसायट्यांच्या रखवालदारांना पहिल्या तुकडीत शिकवा. रात्री तीन वाजता तेच जागे असतात.

नवले पुलाबद्दल मात्र स्पष्ट सांगतो, मुलांना हायवेवर पाठवू नका. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणारा तो उतार तुम्हाला माहीत आहे. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडतात, मग ब्रेक लागत नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अपघातात चाळीसहून अधिक गाड्यांची टक्कर झाली होती. अशा जागी मदतीला थांबलेल्या माणसालाच मागून धडक बसते. तिथली वाहतूक अडवणं पोलिसांचं आणि अग्निशमन दलाचं काम आहे, ती अडवल्याशिवाय रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. मुलांची तळमळ खरी आहे, पण अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला त्या उतारावर उभं करायचा आपल्याला हक्क नाही. इमारती आणि आतल्या गल्ल्या यांतच भरपूर काम आहे.

नारायणपेठी

डॉक्टरसाहेबांचं शंभर टक्के पटलं. मी पेठेतल्या एका मंडळाचा कार्यकर्ता, त्यामुळे माणसं जमवण्याबद्दल बोलतो.

विसर्जनाच्या गर्दीत ॲम्ब्युलन्सला वाट मिळते, त्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरतात. लोकांना वाटतं गर्दी आपसूक दुभंगली. तसं नसतं. पोरं दोरी धरून उभी असतात, शिट्टी कोणी मारायची, ढोलपथकाला कोणी थांबवायचं, मागच्या मंडळाला निरोप कोणी द्यायचा, हे आधी ठरलेलं असतं. तुमच्याकडेही तेच लागणार. छाती दाबणारे शंभर जण तयार केलेत आणि फोन कोणी उचलायचा हे ठरलेलं नाही, तर कोणीच पोचणार नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर भिस्त ठेवू नका. आम्ही कोविडच्या काळात ऑक्सिजन सिलेंडर पोचवत होतो तेव्हा बघितलं. निरोप पडतो, चाळीस जण वाचतात, प्रत्येकाला वाटतं दुसरा निघाला असेल. रात्री तर सगळ्यांचे फोन गप्प असतात. आम्ही मग एक वेगळा साधा फोन घेतला, बटणांचा. ज्याची पाळी त्याच्या उशाशी तो फोन. संध्याकाळी आठला तो हातोहात दुसऱ्याकडे जायचा, आणि देणाऱ्याने घेणाऱ्याला तिथेच एक रिंग देऊन आवाज तपासायचा. फोन आला की पाळीवाल्याने जवळच्या दोघांना थेट कॉल करायचा. "निघालो" एवढंच उत्तर. दहा रिंगमध्ये उचलला नाही तर पुढचा नंबर. कारणं दुसऱ्या दिवशी विचारायची.

आणि अख्खी धायरी एकदम घेऊ नका हो. चार गल्ल्या घ्या. त्या चार गल्ल्यांतली प्रत्येक इमारत पायी फिरा. फाटकं किती, रात्री कुठलं उघडं असतं, किल्ली कोणाकडे, लिफ्ट बंद पडली तर जिना किती रुंद, हे वहीत लिहा. पेठेत वाड्याला पुढून एक दार आणि मागून बोळ असतो, ते माहीत असलेला पोरगा दोन मिनिटं लवकर पोचतो. तुमच्याकडे बोळ नसतील, पण ए विंगमधून बी विंगला जाता येत नाही अशा सोसायट्या असणारच.

बिल्डरच्या देणगीबद्दलही लिहितो. जॅकेटवर कोणाचंही नाव नको, फोटो नको. बिल्डर नाही, नगरसेवक नाही, आमच्यासारखं मंडळसुद्धा नाही. एका बिल्डरचं नाव लागलं की त्याच्याशी भांडण असलेली सोसायटी दार उघडताना विचार करते. निवडणूक लागली की निम्मी पोरं इकडे आणि निम्मी तिकडे. पथकाचं नाव, "प्रथमोपचार" हा शब्द, बास.

जमलं तर एकदा लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रच्या लोकांना भेटा. डोंगरात भटकणारी पोरं, आपापले कामधंदे सांभाळून रात्री-अपरात्री दरीत उतरतात. ते सराव कसा करतात आणि एकमेकांना कसं सांभाळतात, ते प्रत्यक्ष बघण्यासारखं आहे.

न्यासाचे_कागद

नोंदणी आणि कायदा एवढ्यापुरतं लिहितो, माझं रोजचं काम तेच आहे.

घाईने नोंदणी करू नका. आधी काही महिने बिनपैशाचं काम करा. कोण टिकतं ते कळू द्या, मग त्यातूनच विश्वस्त निवडा. नोंदणी झाल्यावर नको असलेला माणूस बाहेर काढणं फार अवघड असतं. टिकलेली सात माणसं झाली की १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था, आणि तीच पुढे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यास म्हणून, असा महाराष्ट्रातला नेहमीचा मार्ग आहे. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतात. कंपनी कायद्याच्या कलम ८ ची, म्हणजे नफा न वाटणारी कंपनीही करता येते, पण तिची दरवर्षीची कागदपत्रं छोट्या पथकाला जड जातात. न्यास केलात तर एक लक्षात ठेवा, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. हे राहून गेल्यामुळे चांगल्या संस्था पुढे वर्षानुवर्षं अडकलेल्या मी पाहतो. आयकर सवलतीच्या नोंदण्या, ज्यांना सगळे १२ए आणि ८०जी म्हणतात, त्या त्यानंतर. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी हवा असेल तर सीएसआर-१ अर्जही लागतो.

आता भीतीचा प्रश्न. रस्ते अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्याला पूर्ण संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचं बळ दिलं, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ए आलं आणि २०२० मध्ये नियम झाले. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही, हॉस्पिटल त्याला अडवून ठेवू शकत नाही. पण हे कलम वाहन अपघातापुरतं आहे हे मुलांना नीट सांगा. घरात कोसळलेल्या माणसासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३० बघा: संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी, सद्‌भावनेने केलेली कृती. त्यालाही मर्यादा आहेत. म्हणून नियम एकच ठेवा, शिकवलंय तेवढंच करायचं. माणूस शुद्धीवर असेल तर आधी विचारायचं, नको म्हणाला तर हात लावायचा नाही.

ताई, तुमचं मेडिकल आहे म्हणून मुद्दाम सांगतो. पथकाच्या पिशवीत गोळ्या आणि इंजेक्शन ठेवू नका. हातमोजे, गॉज, दाबपट्टी, त्रिकोणी पट्टी, कात्री, साखर तपासायचं यंत्र, ग्लुकोज पावडर पुरे. दुकानाचा परवाना आणि पथकाचं काम एकमेकांत मिसळू देऊ नका.

जॅकेटवर लाल क्रॉस छापू नका. जिनिव्हा करार कायदा, १९६० नुसार ते चिन्ह संरक्षित आहे, परवानगीशिवाय वापरणं गुन्हा आहे. आपल्याकडे निम्म्या दवाखान्यांवर ते दिसतं म्हणून चालतं असं नाही. हिरव्यावर पांढरा क्रॉस घ्या, प्रथमोपचाराची खूण तीच आहे. स्वयंसेवकांचा सामूहिक अपघात विमा काढा, वर्गणीचा पहिला पैसा त्यातच जाऊ द्या. अठरा वर्षांखालच्यांना शिकवा जरूर, कॉलवर पाठवू नका. दुचाकीला सायरन नको.

आणि अपघातग्रस्तांच्या घरच्यांना हेही सांगत जा: २०२५ पासून केंद्राची योजना आहे, मोटार अपघातातल्या जखमीला नोंदणीकृत रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार. पैशांच्या भीतीने लोक अजून जवळचं रुग्णालय सोडून लांब जातात.

औषधी_धायरी

तिघांचेही मनापासून आभार. काल सगळ्यांना बसवून हे वाचून दाखवलं. गाडी नको, हे मंडळाला पटायला वेळ लागला, पण पटलं. बिल्डरसाहेबांना प्रशिक्षणाच्या साहित्यासाठी विचारणार आहोत, नाव न लावता. चार गल्ल्याही ठरल्यात. वही सुभेदारकाकांकडे दिलीय, ते आजच फिरायला निघाले.

डॉक्टर, तीन गोष्टी विचारायच्या आहेत. शिकवणारं कोण मिळेल? शॉक द्यायचं ते यंत्र, एईडी, आत्ताच घ्यावं का? आणि तिसरं सुभेदारकाकांनी विचारलंय. एखाद्या मुलाने सगळं बरोबर केलं आणि तरी माणूस गेला, तर त्याला काय सांगायचं?

गाडीवरचा_डॉक्टर

शिकण्यासाठी इंडियन रिससिटेशन कौन्सिलचा सीओएलएस हा अभ्यासक्रम सामान्य माणसांसाठीच आहे. त्यात फक्त छाती दाबणं, तोंडाने श्वास देणं नाही. भूलतज्ज्ञांच्या मार्फत हे वर्ग होतात, तुमच्या सिस्टरना त्यांच्या हॉस्पिटलमधल्या भूलतज्ज्ञांशी बोलायला सांगा. बुडालेला माणूस आणि लहान मूल यांना श्वासही लागतो, ते दोन्ही सिस्टरनी पुढे बेसिक लाइफ सपोर्टच्या वर्गात शिकून घ्यावं. प्रमाणपत्र मिळालं म्हणजे झालं असं मात्र नाही. काही महिन्यांत हात विसरतात. दर महिन्याला प्रत्येकाने सरावाच्या बाहुल्यावर दोन मिनिटं दाबायचंच, सुभेदारकाकांनीसुद्धा. रक्ताशी संबंध येणार म्हणून सगळ्यांना हिपॅटायटिस बीची लस द्या: पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. हे आजच सुरू करा, म्हणजे पथक उभं राहीपर्यंत डोस पुरे होतील.

एईडी घ्याच, पण सहा महिन्यांनी. लाखाच्या घरात जातं, आणि खरा प्रश्न किमतीचा नाहीच. पॅड आणि बॅटरी यांची मुदत संपते, ती तारीख बघणारा एक माणूस नेमावा लागतो. आणि ते कुलूपबंद ऑफिसात ठेवायचं नाही. चोवीस तास माणूस असेल अशाच जागी ठेवा.

आता काकांचा प्रश्न. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा, नंतर नको. ज्यांचं हृदय बंद पडलंय त्यांतले बहुतेक जण वाचत नाहीत. हॉस्पिटलात, सगळी यंत्रं असतानाही वाचत नाहीत. मुलगा जिथे पोचेल तिथे माणूस आधीच गेलेला असतो. आपण दाबतो ते त्याला परत यायची एक संधी मिळावी म्हणून. बरगडी मोडल्याचा आवाज येईल, तोही आधीच सांगून ठेवा, नाहीतर पोरं घाबरून हात काढतात.

कॉल संपल्यावर मुलाला एकट्याला घरी पाठवायचं नाही. त्याच रात्री जोडीदाराबरोबर चहा घ्यायचा आणि काय काय झालं ते क्रमाने बोलून काढायचं, चुका शोधण्यासाठी नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी फोन करायचा. तीन-चार दिवसांनी पुन्हा करायचा, कारण झोप बहुतेक तेव्हा उडते. पुढची पाळी त्याला हवी असेल तरच द्यायची, आणि नको म्हणाला तर कोणी कारण विचारायचं नाही. आमच्यासाठी हे कोणी केलं नव्हतं. गाडीवरचे कित्येक चांगले लोक काम सोडून गेले ते याच कारणाने, पगारामुळे नाही.

भूलतज्ज्ञ मिळेपर्यंत मी येतो. शनिवारी दुपारनंतर मोकळा असतो, दोन बाहुले आहेत माझ्याकडे. एका वेळी वीसच्या वर माणसं बोलावू नका, प्रत्येकाचा हात बघता आला पाहिजे. शाळेचा वर्ग किंवा समाजमंदिर चालेल, फक्त फरशी हवी. आणि सगळ्यांना घरून जुनी सतरंजी आणायला सांगा. दोन मिनिटं नीट दाबलं की गुडघे सोलतात.